शोधयंत्र आणि मराठी गावनाव : ‘दिघाशी’च्या निमित्ताने शोधानुकूलनाच्या उपदेशाची परीक्षा

१

कोश, ग्रंथसूची आणि ग्रंथालयातील पत्रके हाताळणाऱ्या अभ्यासकाच्या अंगवळणी वर्णक्रम पडलेला असतो. वर्णक्रम हा तटस्थ क्रम होय. स्थलनामांच्या सूचीत ‘दिघाशी’ हे नाव ‘दिघा’ या नावानंतर आणि ‘दिघी’ या नावापूर्वी येते. तेवढ्यावरून ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील हे खेडे नवी मुंबईतील दिघ्याहून अधिक महत्त्वाचे की रायगड जिल्ह्यातील दिघी बंदराहून कमी महत्त्वाचे, याविषयी सूचीकाराने काहीच म्हटलेले नसते. शोधयंत्राने लावलेला क्रम याहून मूलतः भिन्न आहे. त्यात पहिले स्थान मिळणे म्हणजे इतर सर्व पानांपेक्षा हे पान वाचण्यास अधिक योग्य आहे असा निर्णय मिळणे होय. आणि पहिल्या दहांबाहेर पडणे म्हणजे व्यवहारतः न सापडणेच होय. शोधक्रम हा अशा रीतीने एक मूल्यनिर्णय आहे, आणि जेथे मूल्यनिर्णय आहे तेथे समीक्षेचा अधिकार पोचतो.

हा क्रम आपल्या संकेतस्थळाच्या बाजूने वळविण्याच्या उद्योगास व्यवसायात ‘एसईओ’ असे आद्याक्षरी नाव रूढ आहे. प्रस्तुत विवेचनात त्यासाठी ‘शोधानुकूलन’ ही संज्ञा योजली आहे, आणि शोधणारा जे शब्द यंत्रापुढे ठेवतो त्यांना ‘बीजशब्द’ म्हटले आहे. शोधानुकूलनाचा उपदेश आता मराठीतही विपुल मिळतो. परंतु तो मुळात इंग्रजीसाठी घडलेला असून मराठीत येताना त्याने या भाषेच्या रचनेची विचारपूस केलेली नाही. त्या उपदेशातील ग्राह्य भाग कोणता, त्याज्य भाग कोणता, आणि तो पाळल्याने मराठी गद्याचे काय होते, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

यासाठी मोठ्या शहराचे नाव न घेता दिघाशीसारख्या खेड्याचे नाव घेण्यास कारण आहे. पुणे किंवा नागपूर हे नाव कसेही लिहिले, कोणत्याही विभक्तीत वापरले, तरी पानांच्या विपुलतेमुळे ते सापडतेच. खेड्याच्या नावाला ही चैन परवडत नाही. त्याच्याविषयीची पाने मोजकी असतात. त्यांतील एकेक ऱ्हस्वदीर्घ, एकेक प्रत्यय आणि एकेक सांकेतिक अंक निर्णायक ठरतो. यंत्राचे आणि भाषेचे संबंध तपासण्यास म्हणूनच खेडे हे अधिक योग्य उदाहरण होय.

२

शोधयंत्राच्या मुळाशी ग्रंथाच्या अखेरीस असते तशीच एक शब्दसूची असते. प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला आहे याची नोंद तीत केलेली असते. केवळ नोंदीने मात्र क्रम लागत नाही. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली असे दाखविले की, एखादा शब्द जितक्या कमी लेखांत आढळतो तितकी लेखालेखांत भेद करण्याची त्याची शक्ती अधिक असते. ‘गाव’ हा शब्द असंख्य पानांवर येत असल्यामुळे शोधाच्या दृष्टीने दुर्बळ ठरतो. ‘दिघाशी’ हा शब्द विरळ असल्यामुळेच प्रबळ ठरतो.

दुसरे तत्त्व विद्यापीठीय व्यवहारातून आले आहे. कोणत्या संशोधनलेखाचा निर्देश इतरांनी किती केला, यावरून त्याचे वजन ठरविण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांच्या विज्ञान-निर्देशसूचीने १९६० नंतरच्या दशकात रूढ केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली मांडलेली ‘पेजरँक’ पद्धत हे या विचाराचेच विस्तारित रूप होय. एखाद्या पानाकडे किती दुवे येतात एवढेच तीत मोजले जात नाही. दुवा देणारे पान स्वतः किती मान्य आहे, हेही विचारात घेतले जाते.

या दोन तत्त्वांतून दोन मोह उत्पन्न झाले. शब्दाच्या वारंवारतेला किंमत आहे म्हणून शब्दाची पुनरुक्ती करावी, आणि दुव्यांना किंमत आहे म्हणून दुवे विकत घ्यावेत. यंत्रचालकांचा पुढील इतिहास हा बव्हंशी या मोहांच्या निवारणाचा इतिहास आहे. वाचकाला न दिसणाऱ्या बीजशब्दांच्या यादीचा क्रमासाठी उपयोग केला जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. २०११ साली आलेली ‘पांडा’ नामक सुधारणा निकृष्ट मजकुरावर रोखलेली होती, तर २०१२ साली आलेली ‘पेंग्विन’ ही कृत्रिम दुव्यांवर. मार्च २०२४ मध्ये, केवळ क्रम मिळविण्यासाठी मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेला मजकूर हाच गैरप्रकार म्हणून घोषित झाला. या क्रमिक इतिहासावरून एक अनुमान निर्विवाद निघते : जी गोष्ट एका काळी युक्ती म्हणून शिकविली गेली, तीच पुढे दोष ठरली. मराठीत मात्र आजही जुन्या युक्त्यांचाच पाठ चालू आहे.

३

या पाठाचे फलित कोणत्या स्वरूपाचे असते हे दाखविण्यासाठी त्याच्या नियमांना धरून एक नमुना रचून पाहावा. ‘दिघाशी गाव माहिती. दिघाशी गाव भिवंडी तालुका ठाणे जिल्हा येथे आहे. दिघाशी गाव माहिती मराठी मध्ये हवी असल्यास दिघाशी गाव संपूर्ण माहिती खाली वाचा.’ अशा मजकुराशी ज्यांचा नित्य परिचय आहे त्यांना या नमुन्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

या गद्याचा दोष पुनरुक्ती हा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो दोष गौण आहे. प्रधान दोष असा की, यात विभक्ती लोपली आहे. ‘भिवंडी तालुक्यात’ असे म्हणण्याऐवजी ‘भिवंडी तालुका’, ‘जिल्ह्यातील’ऐवजी ‘जिल्हा’, ‘गावाची माहिती’ऐवजी ‘गाव माहिती’ अशी नामांची रांग उभी केली आहे. ‘मराठीमध्ये’ हा शब्द तोडून ‘मराठी मध्ये’ असा लिहिला आहे. कारण उघड आहे. शोधणारा मनुष्य बीजशब्द प्रथमेत लिहितो, म्हणून लेखकानेही तो प्रथमेतच ठेवावा, असा उपदेश आहे. इंग्रजीत नामाचे रूप विभक्तीने बदलत नसल्यामुळे हा उपदेश तेथे निरुपद्रवी ठरतो. मराठीत नाम वाक्यात शिरले की बहुधा सामान्यरूप धारण करते. म्हणून तोच उपदेश येथे पाळणे म्हणजे वाक्यच नाकारणे होय.

यातून एक विपरीत परिणाम संभवतो, त्याकडे उपदेशकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. देवनागरी ही मराठीची एकटीची लिपी नाही. हिंदी, नेपाळी, कोकणी आणि संस्कृत यांचेही लेखन तीत होते. एखादे पान कोणत्या भाषेतील आहे, हे ठरविण्यासाठी गूगल पानाच्या शीर्षभागात केलेल्या भाषानोंदीवर विसंबत नाही, तर दृश्य मजकुरावर विसंबते. मजकुरात मराठीची खूण पटविणारे घटक कोणते? ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’ यांसारखे शब्द, ‘-चा’, ‘-ला’, ‘-हून’, ‘-तील’ यांसारखे प्रत्यय, आणि ‘तालुक्या-’, ‘जिल्ह्या-’ यांसारखी सामान्यरूपे. नामे आणि विशेषनामे बहुधा सामाईक असतात. तेव्हा यंत्राच्या सोयीसाठी प्रत्यय गाळणारा लेखक आपल्या मजकुराच्या मराठीपणाचा पुरावाच स्वहस्ते पुसून टाकतो.

याच वर्गातील दुसरा प्रकार म्हणजे साचेबंद गावनोंद. खेड्यांची शासकीय यादी घ्यावी, एक साचा करावा, आणि त्यात गाव, तालुका व जिल्हा यांची नावे बदलून शेकडो पाने सिद्ध करावीत, ही पद्धत खाजगी संकेतस्थळांप्रमाणे मुक्त ज्ञानकोशांतही दिसते. गावात मुख्य व्यवसाय शेती आहे, पावसाळ्यात पुष्कळ पाऊस पडतो, उन्हाळ्यात हवा दमट असते, ही विधाने असत्य नव्हेत. पण ती दिघाशीविषयी जितकी सत्य आहेत तितकीच कोकणपट्टीतील शेकडो गावांविषयी सत्य आहेत. स्पार्क जोन्स यांनी शब्दाला लावलेली कसोटी विधानाला लावली, तर सर्वत्र लागू पडणाऱ्या विधानाची भेदशक्ती शून्य ठरते. शोधशास्त्राच्या मूळ तत्त्वानेच हा मजकूर रिकामा ठरतो, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

४

मराठी नामाचे रूपांतर ही शोधयंत्रापुढील खरी अडचण आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. ‘दिघाशी’ हे ईकारान्त स्त्रीलिंगी वळणाचे नाव असल्यामुळे ते सुदैवी आहे. ‘दिघाशीत’, ‘दिघाशीला’, ‘दिघाशीहून’, ‘दिघाशीतल्या’, ‘दिघाशीकर’ या सर्व रूपांत मूळ नाव अखंड राहते. शब्दाचा पूर्वभाग जुळविणाऱ्या साध्या यंत्रालाही ते ओळखता येते. हीच गोष्ट ‘भिवंडी’, ‘वसई’ आणि ‘डहाणू’ यांची. आसपासची इतर नावे इतकी सरळ नाहीत. ‘ठाणे’चे ‘ठाण्यात’ होते, ‘वाडा’चे ‘वाड्यात’ होते, आणि ‘शहापूर’मधील दीर्घ ऊकार ‘शहापुरात’ या रूपात शुद्धलेखनाच्या नियमानुसार ऱ्हस्व होतो. शिवाय ‘ठाणे’ आणि ‘वाडा’ ही सामान्यनामेही आहेत; पोलीस ठाण्यात गेलेला मनुष्य आणि ठाण्यात गेलेला मनुष्य यांतील भेद रूपावरून कळत नाही, संदर्भावरून कळतो.

या अडचणीचे परिमाण मोजले गेले आहे. भारतीय भाषांतील शोधपद्धतींच्या परीक्षणासाठी ‘फायर’ या नावाने चालणाऱ्या उपक्रमात २००८ साली हिंदी, बंगाली आणि मराठी वृत्तपत्रीय मजकुराचे संग्रह सिद्ध झाले. त्यांच्या आधारे डोलामिच आणि साव्हॉय या संशोधकांनी २०१० साली तिन्ही भाषांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यय तोडून मूळ अंग काढणारी सखोल पद्धत वापरली असता, ती न वापरण्याच्या तुलनेत शोधाची गुणवत्ता हिंदीत सुमारे २८ टक्क्यांनी, बंगालीत सुमारे १८ टक्क्यांनी आणि मराठीत सुमारे ४२ टक्क्यांनी वाढली. केवळ पहिली चार अक्षरचिन्हे ठेवून बाकीची कापण्याची ओबडधोबड पद्धतही जवळजवळ तितकीच गुणकारी ठरली.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. तिन्ही भाषांत मराठीचा लाभ सर्वाधिक आहे, याचा अर्थ मराठीचे रूपवैविध्य यंत्राला सर्वाधिक अडविते. पण त्याचा दुसराही अर्थ आहे : हा अडथळा यंत्राच्या बाजूने दूर करता येतो. ‘तालुक्यात’ या रूपातून ‘तालुका’ ओळखणे हे यंत्राला शक्य असलेले काम आहे. ते त्याने करावे यासाठी प्रयत्न करणे आणि ते त्याला करावेच लागू नये म्हणून लेखकांना विभक्ती सोडण्यास शिकविणे, या दोन परस्परविरुद्ध दिशा आहेत. पहिली दिशा भाषाशास्त्राची आहे, दुसरी व्यापाराची.

५

रूपाहूनही खालच्या पातळीवर, लेखनाच्या सांकेतिक अंकांत, एक अधिक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. युनिकोड येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर विविध खाजगी टंकांत सिद्ध होत असे. त्या पद्धतीत संगणकात रोमी वर्णांचेच अंक साठविलेले असत. टंकामुळे ते डोळ्यांना देवनागरी दिसत. वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून साठवितानाही ती आधीच साठविली जाई. असा मजकूर शोधयंत्राच्या दृष्टीने निरर्थक रोमी अक्षरांचा ढीग होय. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार असतो : द, मग वेलांटी; घ, मग काना; श, मग दीर्घ वेलांटी. ‘दिघाशी’ हा शब्द अशा रीतीने सहा चिन्हांचा होतो. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून तो अठरा बाइटांचा. आणि पानाच्या पत्त्यात तोच शब्द टक्केचिन्हांच्या रूपात उलगडला तर चोपन्न अक्षरांचा होतो. पत्ता इंग्रजीत ठेवावा या उपदेशामागे हे एक कारण आहे, आणि तेवढ्यापुरता तो उपदेश समजण्यासारखा आहे.

युनिकोड स्वीकारल्याने प्रश्न संपत नाही. डोळ्यांना एक दिसणाऱ्या दोन शब्दांचे अंक भिन्न असू शकतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र अंक २००८ साली मिळाला. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र चढवून ते लिहीत, आणि अनेकजण आजही तसेच लिहितात. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र लिहिण्याचेही दोन मार्ग आहेत : एकात स्वतंत्र अंकाचा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. ते अदृश्य चिन्ह एखाद्या टप्प्यावर गळून पडले की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो. याउलट भिन्न दिसणाऱ्या अक्षरांचा अंक एकच असू शकतो. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांचा आग्रह धरला. तो आग्रह सांस्कृतिक दृष्ट्या योग्यच आहे. परंतु ‘दिघाशी’तील श कोणत्याही वळणाने छापला तरी त्याचा अंक बदलत नाही, आणि शोधयंत्राला वळण दिसत नाही. लिपीच्या दृश्य रूपाविषयी जितकी चर्चा झाली त्याच्या अल्पांशानेही तिच्या अंकरूपाविषयी झाली नाही.

यंत्रे आता बुद्धिमान झाली आहेत, त्यांना अर्थ कळतो, तेव्हा ही सारी चर्चा गतार्थ आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देता येते. गूगलने २०१८ साली शंभराहून अधिक भाषांसाठी सिद्ध केलेल्या ‘बर्ट’ या प्रतिमानात मराठीचा समावेश होता. त्याच्या पहिल्या आवृत्तीत, युरोपीय भाषांतील स्वराघातचिन्हे काढून टाकण्याचा नियम सर्व लिप्यांना सरसकट लावला गेला. देवनागरीतील उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे तांत्रिक वर्गीकरणात त्याच गटात मोडत असल्यामुळे तीही गळाली. ‘मूल’ आणि ‘मेल’ दोन्ही ‘मल’ झाले. ‘भिवंडी’ची ‘भिवडी’, ‘ठाणे’चे ‘ठाण’ आणि ‘जिल्हा’चे ‘जिलहा’ झाले. काना आणि दोन्ही वेलांट्या वेगळ्या गटात असल्याने ‘दिघाशी’ मात्र योगायोगाने बचावले. दुरुस्त आवृत्ती त्याच वर्षी आली, हे खरे. परंतु अर्थ जाणणारे यंत्रही अक्षरांच्या दारातूनच आत येते, आणि त्या दारावर मराठी जाणणारा कोणी उभा नसेल तर काय होते, हे या प्रसंगाने दाखविले.

याच प्रतिमानाने आपली मराठी मुक्त ज्ञानकोशाच्या मराठी आवृत्तीतून शिकली, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. वर ज्या साचेबंद गावनोंदींचा निर्देश केला, त्या केवळ वाचकाची निराशा करून थांबत नाहीत. त्या यंत्राच्या पाठ्यपुस्तकाचा भाग बनतात. आज क्रमासाठी लिहिलेले पोकळ गद्य उद्याच्या यंत्राला मराठी म्हणून शिकविले जाते, आणि ते यंत्र पुढे तशाच गद्याला प्रमाण मानते. हे चक्र लक्षात घेतले म्हणजे शोधानुकूलन हा केवळ जाहिरातदारांचा विषय राहत नाही.

६

नावाच्या लेखनातील वैविध्य हा यापुढील प्रश्न. रोमी लिपीत गावनावे लिहिताना शासकीय व्यवहारात हंटरच्या पद्धतीचा आधार घेतात. पण स्वरदीर्घत्वाची चिन्हे लौकिक लेखनात गाळली जातात. परिणामी ‘दिघाशी’ आणि ‘दिघशी’ ही रोमीत एकरूप होतात, आणि रोमीतून परत देवनागरीत येणाऱ्या यंत्राला त्यांतून निवड करावी लागते. महाप्राण ‘घ’ आणि ‘श’ यांतील ‘एच’ वगळणारेही पुष्कळ असतात. त्यांच्या लेखनातून ‘दिगासी’पर्यंत काहीही निष्पन्न होऊ शकते. अक्षरदुरुस्ती सुचविणारे यंत्र वारंवारतेवर चालत असल्यामुळे विरळ नावाला अधिक प्रसिद्ध नावाकडे ओढण्याचा संभव असतो. ‘दिघाशी’ शोधणाऱ्याला दिघा किंवा दिघी यांच्या दारात नेऊन उभे करणे, हे अशा यंत्राच्या स्वभावाला धरूनच आहे.

बोलून शोधण्याच्या सोयीने बोलींचा प्रश्न पुढे आणला आहे. भिवंडी तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या आगरी बोलीत प्रमाण मराठीच्या ‘पाणी’चे ‘पानी’, ‘शाळा’चे ‘शाला’ आणि ‘गाडी’चे ‘गारी’ होते. हे उच्चार बोलीच्या ध्वनिव्यवस्थेनुसार पूर्णतः नियमबद्ध आहेत. परंतु प्रमाण उच्चारांवर पोसलेल्या यंत्राला ते हिंदी किंवा चुकीचे वाटण्याचा संभव आहे. तात्पर्य, ज्यांना लिहून शोधणे कठीण जाते त्यांच्यासाठी केलेली सोय नेमकी त्यांच्याच बोलीपाशी अडखळते.

शब्दवैविध्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण शेतजमिनीच्या उताऱ्याचे आहे. हा उतारा ‘सातबारा’, ‘सात-बारा’, ‘सात बारा’ आणि ‘७/१२’ अशा अनेक प्रकारांनी लिहिला जातो. रोमी अंकांतील लेखन त्याहून वेगळे. शासनाच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर तो मिळतो. पण तेथे जिल्हा, तालुका आणि गाव निवडून, पडताळणीची अक्षरे भरून मगच उतारा समोर येतो. अशा प्रपत्रामागील मजकूर शोधयंत्राच्या सूचीत येऊ शकत नाही. दिघाशीच्या जमिनीविषयीची सर्वांत अधिकृत माहिती शोधयंत्राला अदृश्य, आणि ‘सातबारा कसा काढावा’ हे सांगणारी खाजगी पाने दृश्य, अशी ही स्थिती आहे. व्यक्तिगत नोंदी सूचीत येऊ नयेत, हे रास्तच होय. परंतु उतारा कोठे व कसा मिळतो हे सांगणारे अधिकृत, स्वच्छ मराठीतील, चारही लेखनप्रकारांचा उल्लेख करणारे पान सर्वांत वर असावे, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. क्रमसुधारणेचा प्रयत्न येथे लोकहिताचा ठरतो. आणि जे विद्वान या उद्योगाकडे सरसकट तुच्छतेने पाहतात, त्यांची भूमिका येथे टिकत नाही.

७

यावरून ग्राह्य आणि त्याज्य यांची विभागणी करता येते. त्याज्य काय ते वर आलेच आहे : विभक्तिलोप, पुनरुक्ती, साचेबंद नोंदी आणि विकतचे दुवे. ग्राह्य भागाची मांडणी करताना मराठीच्या एका जुन्या लेखनपरंपरेचे स्मरण उपयुक्त ठरते. जमिनीच्या दस्तऐवजांत गावाचा निर्देश ‘मौजे अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक’ असा करण्याची रीत आहे. जुन्या कागदपत्रांत ‘तर्फ’ आणि ‘प्रांत’ याच कामी येत. यातही विभक्ती नाही, नामांचीच रांग आहे. परंतु हे सूत्र दस्तऐवजात एकदाच, आरंभी येते, गावाची ओळख निःसंदिग्ध करते, आणि पुढील मजकूर पूर्ण वाक्यांत चालतो. शोधयंत्राला जे हवे आहे ते हेच. ‘मौजे दिघाशी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे’ हे सूत्र पानाच्या शीर्षकात एकदा आले की यंत्राचे देणे फिटते. त्यानंतर ‘दिघाशीत’, ‘तालुक्यात’, ‘ठाण्याहून’ असे लिहिण्यास कोणतीही आडकाठी राहत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वाडा आणि वसई हे तालुके तिकडे गेले, भिवंडी ठाण्यातच राहिला. अशा बदलांमुळे जुन्या-नव्या पानांत जो घोटाळा होतो, तोही या सूत्राने टळतो.

उरलेले उपाय संपादनाचेच आहेत. मजकूर युनिकोडमध्ये असावा. सूचना आणि ठराव यांची छायाचित्रे चढविण्याऐवजी अक्षरे चढवावीत. नावाचे एक लेखन शीर्षकात निश्चित करावे आणि इतर प्रचलित लेखनांची नोंद मजकुरात एका वाक्यात करावी. कोशकार पर्यायी रूपे देतो, त्याहून हे वेगळे नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ची चार नियमांची भर यांनी जी लेखनाची एकरूपता साधू पाहिली, तिचे एक नवे समर्थन यातून मिळते : एकरूप लेखन सापडते. पानाच्या शीर्षभागात भाषेची नोंद अवश्य करावी. तिचा उपयोग क्रमासाठी नसला तरी अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्राला ती लागते. आणि दुवे विकत न घेता मिळवावेत. शाळेने ग्रामपंचायतीचा, ग्रंथालयाने शाळेचा, विद्यापीठीय विभागाने या तिघांचाही निर्देश करणे, हा प्रामाणिक अवतरण-व्यवहारच होय.

परंतु या सर्व उपायांच्या वर एक उपाय आहे, आणि तो कोणत्याही तंत्राने साधत नाही. पानावर असे काहीतरी असले पाहिजे की जे दुसऱ्या पानावर नाही. गावातील पाड्यांची आणि शेतांची नावे, विहिरींची नावे, तेथे पेरल्या जाणाऱ्या भाताच्या वाणांना लोक देतात ती नावे, जत्रेचा दिवस, शाळेच्या स्थापनेचे वर्ष, बोलीतील शब्द : ही सामग्री साच्यातून निघत नाही, ती गावात जाऊन मिळवावी लागते. शोधशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तिची भेदशक्ती कमाल असते. सामान्य भाषेत सांगायचे तर ती वाचनीय असते. या ठिकाणी शोधानुकूलन आणि क्षेत्रीय संशोधन यांचे हितसंबंध पूर्णतः जुळतात. पदव्युत्तर विद्यार्थी बोलींचे आणि स्थलनामांचे जे संकलन करतात ते प्रबंधाच्या बांधणीत बंद होऊन पडते. तेच युनिकोड मजकुराच्या रूपाने, गावाच्या निःसंदिग्ध निर्देशासह प्रसिद्ध झाले, तर कित्येक खेड्यांच्या बाबतीत त्याहून अधिक अधिकाराचे दुसरे पान असणार नाही.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. संख्या आणि दर्जा या दोन्ही गोष्टींनी भाषेचे यंत्रातील स्थान आपोआप ठरत नाही; ते तिच्यात काय लिहिले जाते आणि कसे लिहिले जाते यावर ठरते. यंत्राला मराठीचे सामान्यरूप शिकविता येते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. ते शिकविण्याचे काम मराठी जाणणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी अंगावर घेतले नाही, तर त्याच्या उलट काम, म्हणजे मराठी माणसाला सामान्यरूप विसरावयास लावण्याचे काम, व्यवसाय मोठ्या उत्साहाने करीत राहील.